डिसेंबरच्या सेलमध्ये पीसी गेम घ्यायचे आहेत: कोणते घ्यावेत आणि खरी सवलत कशी ओळखावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी एकच डेस्कटॉप असून त्यात जीटीएक्स 1650 हे 4 जीबीचे ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅम, एक लहान एसएसडी आणि साठवणीसाठी जुनी हार्ड डिस्क आहे. मी नोकरी करते आणि धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्रीची जेवणे उरकल्यावर तासभर आणि रविवारी दुपारी थोडे अधिक, एवढाच आमचा खेळण्याचा वेळ. वर्षअखेरच्या सेलसाठी आम्ही दोघांनी मिळून 2000 रुपये बाजूला काढले आहेत आणि ते विचारपूर्वक खर्च व्हावेत अशी माझी इच्छा आहे.

भावाला ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ हवा आहे. माझा कल ‘द विचर 3’ आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ यांच्याकडे आहे. ‘सायबरपंक 2077’ यादीत आहे तो केवळ सगळे त्याची स्तुती करतात म्हणून. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात 75 किंवा 80 टक्के सवलतीची हिरवी पाटी दिसली की वस्तू स्वस्त पडते आहे असे वाटते खरे, पण मूळ किंमत आधी वाढवून मग सवलत दाखवली जाते का, हे ग्राहकाने कसे तपासावे? काही संकेतस्थळांवर याच गेमच्या ‘की’, म्हणजे खात्यात टाकला की गेम मिळतो असे सांकेतिक क्रमांक, जवळजवळ निम्म्या भावात दिसतात, त्या घ्याव्यात का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

मिरज_जंक्शन

ताई, आधी सवलतीचा प्रश्न घेतो, कारण कोणता गेम घ्यावा याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

स्टीमवर 2015 च्या नोव्हेंबरपासून भारतात रुपयांत किमती दिसू लागल्या. तेव्हापासून प्रत्येक गेमच्या रुपयांतल्या किमतीचा इतिहास स्टीमडीबी या संकेतस्थळावर आलेखाच्या रूपात पाहता येतो. गेमचे नाव शोधावे, चलन म्हणून भारतीय रुपया निवडावा आणि आलेखातला सर्वांत खालचा बिंदू कोणता व तो केव्हाचा आहे ते पाहावे. ‘इज देअर एनी डील’ हे दुसरे संकेतस्थळ अनेक अधिकृत दुकानांमधले भाव शेजारी शेजारी मांडते. मूळ किंमत वाढवल्यानंतर लगेच सेल लावण्यास स्टीमच्या नियमांनी मनाई आहे. मध्ये 30 दिवस जावे लागतात. त्यामुळे आदल्या दिवशी भाव फुगवून दुसऱ्या दिवशी उतरवण्याचा प्रकार तिथे होत नाही. मात्र वर्ष-दोन वर्षांपूर्वी मूळ किंमत कायमची वाढलेली असेल, तर 75 टक्क्यांची पाटी तीच राहते आणि मोजावे लागणारे रुपये वाढलेले असतात. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून फक्त रुपयांचा आकडा पाहावा आणि तो पूर्वीच्या नीचांकाशी ताडून घ्यावा.

हिवाळी सेल डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. आपल्याकडे तो रात्री साडेअकरा वाजता सुरू होतो आणि त्या घडीला दुकानाचे पान बराच वेळ उघडत नाही, तेव्हा जागत बसण्यात अर्थ नाही. पूर्वी सेलच्या काळात काही तासांपुरत्या वेगळ्या सवलती निघत असत, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत थांबणे शहाणपणाचे मानले जाई. ती पद्धत 2015 च्या अखेरीस बंद झाली. आता पहिल्या रात्रीचा भाव साधारणपणे शेवटच्या दिवशीही तोच असतो, म्हणून दोन-तीन दिवस शांतपणे तुलना करून मगच पैसे भरावेत. यूपीआयने पैसे भरता येतात.

आता माझे ठाम मत सांगतो. पूर्वीच्या नीचांकाला जो गेम पोहोचला नसेल, तो घेऊच नये. मोठ्या कंपन्यांचे जुने गेम वर्षातून अनेकदा सेलमध्ये येतात. मार्चमध्ये वासंतिक सेल असतो, जूनच्या अखेरीस उन्हाळी. रेड डेड आणि विचर हे दोन्ही गेम इतक्या वेळा उतरले आहेत की त्यांच्यासाठी घाई करण्याचे काहीही कारण नाही.

विचर घेताना एक काळजी घ्या. मूळ गेम 2015 चा आहे. त्याचे ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ हे दोन मोठे विस्तार ‘कम्प्लीट एडिशन’मध्ये समाविष्ट असतात. नुसता मूळ गेम थोडा स्वस्त दिसतो म्हणून तो घेतला आणि पुढे विस्तार वेगळे घेतले, तर एकूण खर्च हमखास वाढतो. ‘ब्लड अँड वाइन’ तर आकाराने आणि गुणवत्तेने एखाद्या स्वतंत्र गेमच्या तोडीचा आहे, तो सोडू नये.

पाटणखोरे

वरच्या प्रतिसादात किमतीचा हिशोब उत्तम मांडला आहे, पण खेडेगावात राहणाऱ्यांना आणखी एक किंमत मोजावी लागते आणि ती दुकानाच्या पानावर ठळक लिहिलेली नसते. रेड डेड रिडेम्प्शन 2 साठी 150 जीबी जागा लागते. आमच्या गावात फायबर पोहोचलेली नाही, फोनच्या हॉटस्पॉटवरच सगळा कारभार चालतो. दिवसाला 2 जीबीचा रिचार्ज असेल आणि दुसऱ्या कशालाही नेट वापरले नाही, तरी एवढ्या आकाराचा गेम उतरवायला अडीच महिने लागतील. त्याच रिचार्जवर स्टारड्यू व्हॅली एका संध्याकाळी उतरून होतो, कारण त्याला लागणारी जागा 1 जीबीपेक्षाही कमी आहे. कृष्णाकाठताईंच्या घरी ब्रॉडबँड असेलच, पण हार्ड डिस्कवर किती जागा मोकळी आहे हे त्यांनी पैसे भरण्याआधी पाहावे.

माझ्यासारख्यांसाठी मार्ग असा आहे, की शहरातल्या मित्राच्या संगणकावर स्वतःच्या खात्याने गेम उतरवावा, स्टीममधली बॅकअपची सोय वापरून तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा आणि घरी येऊन त्याच खात्यावर पुन्हा स्थापित करावा. मधल्या काळात आलेले अपडेट तेवढे उतरवावे लागतात. दोन्ही संगणक एकाच राउटरवर असतील तर 2023 पासून स्टीम एका संगणकावरून दुसऱ्यावर थेट प्रतही करू देते.

अजिंक्यतारा (सातारा)

मिरजकरांच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे आणि ती असहमती सविस्तर नोंदवावीशी वाटते.

नीचांकाची वाट पाहणे मोठ्या कंपनीच्या दहा वर्षे जुन्या गेमबाबत योग्यच आहे. पण हीच शिस्त सरसकट सगळीकडे लावली, की माणूस गेम निवडायचे सोडून आलेखच निवडू लागतो. एखादा गेम आज 50 रुपयांनी महाग आहे म्हणून तो जूनपर्यंत लांबणीवर टाकायचा आणि नीचांकावर आहे म्हणून नको असलेला दुसरा घ्यायचा, यात बचत कसली? स्टारड्यू व्हॅलीचे उदाहरण घ्या. एका माणसाने काही वर्षे एकट्याने काम करून 2016 मध्ये तो आणला. चित्रे, संगीत, संवाद, प्रोग्रामिंग सगळे त्याचेच. त्यानंतरची सर्व मोठी अपडेट, अगदी 2024 च्या मार्चमध्ये आलेले 1.6 सुद्धा, त्याने जुन्या ग्राहकांना विनामूल्य दिली. त्याच्यावर फार मोठी सवलत सहसा येत नाही, कारण मुळात किंमतच आवाक्यातली आहे. असा गेम पूर्ण किमतीला घेतला तरी पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही.

आता तुमच्या यादीकडे वळतो. ताई, यातले दोन गेम तुमच्या संगणकाच्या दृष्टीने तपासून पाहणे आवश्यक आहे.

सायबरपंक सरळ यादीतून काढा. 2020 च्या डिसेंबरमध्ये तो सदोष अवस्थेत आला, 2023 च्या सप्टेंबरमधल्या 2.0 अपडेटने त्याचे रूप पालटले आणि आज होणारी स्तुती त्याने खरोखर कमावलेली आहे. परंतु त्याच सुधारणांबरोबर त्याच्या किमान गरजाही वाढल्या. आता त्याला 12 जीबी रॅम, 6 जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी लागते. तुमच्याकडे यातली शेवटची वस्तू तेवढी आहे आणि तीही लहान. कितीही स्वस्त मिळाला तरी तुमच्या घरी तो नीट चालणार नाही.

रेड डेडचा प्रश्न नाजूक आहे. कागदोपत्री तुमचे यंत्र त्याच्या किमान गरजा भागवते. 8 जीबी रॅम म्हणजे अगदी काठावरचे गणित आहे, तरी सेटिंग कमी ठेवल्यास तो चालायला हवा. मात्र ‘चालतो’ आणि ‘खेळावासा वाटतो’ यांत अंतर असते, आणि ते घरच्या संगणकावरच कळते. त्यासाठी स्टीमच्या परताव्याचा उपयोग करा. 2015 च्या जूनपासून नियम असा आहे की खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल, तर कारण न विचारता पैसे परत मिळतात. इथे बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही, की या दोन तासांत गेमचा सर्वांत जड भाग समोर येतच नाही. रेड डेडची सुरुवात बर्फातल्या डोंगरात होते, तिथे माणसे कमी आणि घरे त्याहून कमी. संगणकाला घाम फोडणारे सेंट डेनिस हे शहर कथेत बरेच पुढे आहे. विचरमध्येही तसेच आहे: पहिले गाव व्हाइट ऑर्चर्ड हलके, आणि गर्दीने भरलेले नोविग्राड कित्येक तासांनंतर. त्यामुळे सुरुवात सुरळीत चालली म्हणून निर्धास्त होऊ नका. रेड डेडच्या ग्राफिक्सच्या मेन्यूमध्येच चाचणीची सोय आहे. ती यंत्राला वेगवेगळ्या प्रसंगांतून फिरवते आणि शेवटी दर सेकंदाला किती चित्रे दिसली ते सांगते. गेम उतरताच कथा सुरू न करता ही चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या सेटिंगवर चालवा. सरासरीबरोबर किमान आकडाही पाहा, कारण खेळताना बोचतो तो किमान आकडा. तो वारंवार 30 च्या खाली जात असेल तर त्याच दिवशी परताव्याचा अर्ज करा. भावालाही ते पटेल, कारण निर्णय आकड्यांनी झालेला असेल.

विचरबाबत मला शंका नाही. 2022 च्या डिसेंबरमध्ये त्याला नव्या पिढीचे अपडेट मिळाले आणि तेव्हापासून सुरू करताना डायरेक्टएक्स (विंडोजमधली चित्रे रेखाटण्याची प्रणाली) 11 की 12 असा पर्याय मिळतो. तुम्ही 11 निवडा. 12 मध्ये येणारा झळाळ तुमच्या कार्डाला पेलणारा नाही, आणि 11 मध्ये तो तुमच्या यंत्रावर चांगला चालतो. मुख्य कथाच साधारण 50 तासांची आहे, म्हणजे तुमच्या रोजच्या तासाभराच्या हिशोबाने दोन महिने सहज जातील.

दर तासाला किती रुपये पडले असा हिशोब मांडण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. ‘पोर्टल’ हा 2007 चा गेम तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एकही मिनिट भरतीचे नाही. उलट काही अवाढव्य गेममध्ये नकाशावरच्या त्याच त्या खुणा पुसण्यात 100 तास जातात. सेलमध्ये ‘पोर्टल’ आणि 2011 चा ‘पोर्टल 2’ दोन्ही अत्यल्प दरात मिळतात. दुसऱ्या भागात दोघांनी मिळून सोडवायची कोडी आहेत आणि ती एकाच पडद्यावर दोन भाग करून खेळता येतात. घरात एकच संगणक आणि खेळणारी भावंडे दोन, अशा घरासाठी याहून योग्य खरेदी मला सुचत नाही.

कराडचा_वाचक

‘की’विषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. विकासकाने, म्हणजे गेम बनवणाऱ्याने, ज्यांना अधिकृतपणे विक्रीला दिल्या आहेत अशा दुकानांतून की घेण्यास हरकत नाही. ‘इज देअर एनी डील’वर अशीच दुकाने असतात. पण कोणीही नोंदणी करून की विकू शकतो अशा बाजारपेठांपासून दूर राहावे. चोरीच्या कार्डाने घेतलेल्या की तिथे विकल्या गेल्याचे प्रकार घडले आहेत. अशी की विकासकाने रद्द केली तर गेम तुमच्या खात्यातून काढून घेतला जातो. काही की विशिष्ट देशांपुरत्या असतात आणि भारतात चालतच नाहीत. शिवाय बाहेरून घेतलेल्या कीला स्टीमचा परतावा लागू नाही, म्हणजे वर सुचवलेली चाचणी करूनही पैसे अडकलेलेच राहणार.

दुसरे असे की दर गुरुवारी एपिक गेम्स स्टोअरवर काही ना काही मोफत मिळते. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेनऊला आणि एरवी साडेआठला ते बदलते. त्या आठवड्यात खात्यात जमा केलेला गेम पुढेही आपल्याकडेच राहतो. 2020 च्या मे महिन्यात ‘जीटीए 5’ असाच मिळाला होता. डिसेंबरच्या सुट्टीत तर रोज एक गेम देण्याची त्यांची प्रथा आहे. हे आधी पाहावे, मग पैसे काढावेत.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सायबरपंक यादीतून काढला. चाचणीची गोष्ट भावाला वाचून दाखवली. तो आकड्यांवर निर्णय घ्यायला तयार आहे.

आणखी एक प्रश्न विचारते. विचर गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही मिळतो असे दिसले. आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णेचे पाणी वाढले की कधी वीज जाते, कधी वीज असून इंटरनेट नसते, आणि नेमके त्याच दिवसांत घराबाहेर पडता येत नाही. अशा वेळी गेम उघडला पाहिजे, ही माझी खरी गरज आहे. मग स्टीम घ्यावे की गॉग?

मिरज_जंक्शन

ताई, मीही त्याच नदीच्या भरवशावर राहणारा आहे, त्यामुळे प्रश्न नीट समजला.

गॉगवरच्या गेमला कुलूप नसते. स्थापनेची फाइल उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे इंटरनेट नसताना, नव्या संगणकावर, अगदी उद्या ते दुकान बंद झाले तरी गेम स्थापित होतो. परताव्याची मुदतही 30 दिवसांची असून गेम उघडून खेळलेला असला तरी ती लागू राहते. अडचण पैसे भरण्याची आहे. तिथला व्यवहार डॉलरमध्ये होतो, कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असावे लागतात आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क वर चढते. त्यामुळे तुलना करताना डॉलरचा भाव नुसता गुणून चालत नाही.

स्टीमवर ऑफलाइन मोड आहे, पण तो नेट असतानाच एकदा लॉगिन करून आणि गेम उघडून तयार ठेवावा लागतो. विचरसाठी एवढी तयारी पुरते. रेड डेडला मात्र तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचे स्वतःचे लाँचर (गेम सुरू करून देणारा वेगळा प्रोग्राम) मध्ये येते आणि त्याचेही खाते लागते, तेव्हा पुराच्या दिवसांसाठी त्याच्यावर विसंबू नका. खरेदी म्हणजे वापराचा परवाना, हे आता स्टीम पैसे भरण्याच्या पानावर स्वतःच लिहिते. ‘द क्रू’ या 2014 च्या गेमचे सर्व्हर 2024 च्या 31 मार्चला बंद झाले आणि तो एकट्याने खेळण्याचीही सोय उरली नाही, ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्यासाठीसुद्धा. म्हणून दोन भावांत थोडाच फरक असेल तर विचर गॉगवरून घ्यावा असे मी म्हणेन. इथे मी नीचांकाचा आग्रह धरत नाही. अजिंक्यतारा यांचा मुद्दा या एका बाबतीत मला मान्य आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

धन्यवाद. एक नाव राहून गेले होते. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम पीसीवर 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आला. राजस्थानी किल्ले-महालांच्या धर्तीची वास्तू, पहाडी चित्रशैलीची पार्श्वभूमी आणि कथेचा भाग सांगायला छायाबाहुल्या, हे एकत्र दुसरीकडे पाहायला मिळत नाही. लढाईत थोडा कच्चेपणा आहे, काही उड्या नेमक्या बसत नाहीत आणि पाच-सहा तासांत तो संपतोही. तरीही तो सेलमध्ये दिसला तर घ्या. आपल्याकडच्या छोट्या चमूने केलेले इतके देखणे काम ग्राहकांनी उचलून धरले, तर पुढचे काम उभे राहते. तुमच्या कार्डावर तो नीट चालेल.

कृष्णाकाठ (सांगली)

मग यादी अशी ठरवते: विचरची कम्प्लीट एडिशन गॉगवरून, स्टारड्यू आणि पोर्टल 2 स्टीमवरून, पैसे उरले तर राजी. रेड डेड चाचणीत उतरला तरच, आणि तोही बहुधा मार्चच्या सेलमध्ये, कारण हार्ड डिस्कवर आज 150 जीबी मोकळी नाही. एकाच पडद्यावर दोघांनी खेळायचे तर कंट्रोलर लागेल ना?

पाटणखोरे

लागेल, पण एकच. पोर्टल 2 मध्ये एकाने कीबोर्ड-माउस आणि दुसऱ्याने कंट्रोलर घेतला की काम भागते. स्टारड्यूमध्येही 2020 च्या डिसेंबरमधल्या 1.5 अपडेटपासून पडदा विभागून खेळता येते आणि तिथेही तीच पद्धत चालते. महागडा कंट्रोलर घेण्याची गरज नाही. तारेचा साधा घ्या, फक्त खोक्यावर ‘एक्सइनपुट’ लिहिले आहे याची खात्री करा. ते नसेल तर गेम बटणे ओळखत नाही आणि प्रत्येक वेळी जुळवाजुळव करत बसावे लागते. दुकानात जाऊन घेत असाल तर दोन्ही अंगठ्यांखालच्या काड्या गोल फिरवून, सोडल्यावर त्या मधोमध परत येतात का ते तिथेच पाहून घ्या.